न दिसलेलं मांजर

दुपारची वेळ होती. चैतालीची मुलगी मैत्री नुकतीच झोपली होती. नवरा संघर्ष रात्रपाळी करून आल्यामुळे आतल्या खोलीत आडवा होता आणि घोरण्याची यत्ता पार करून गाढ झोपेच्या वरच्या यत्तेत जाऊन बसला होता. सातपूरच्या त्या दोन खोल्यांत दिवसातून एकदाच येते ती शांतता आली होती. चैतालीने चहाचा कप घेतला, भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. आता अर्धा तास आपला, असं ती मनाशी म्हणते न म्हणते तोच स्वयंपाकघरात स्टीलचा पेला पडला.

स्टीलचा पेला नुसता पडून थांबत नाही. आधी तो ठण्णकन पडतो, मग गडगडत सिलिंडरपर्यंत जातो आणि तिथे पोचल्यावर स्वतःभोवती गोल फिरत आपलं गाऱ्हाणं घरभर ऐकवतो. मैत्री उठली. संघर्षने कूस बदलली. चहावर साय आली.

"मांजर गं," आतून लताबाई म्हणाल्या.

लताबाई म्हणजे चैतालीच्या सासूबाई. आणि मांजर म्हणजे होळीपासून त्या घरात वावरणारा, कोणीही न पाहिलेला प्राणी. आधी त्याने दुधाचं पातेलं पाडलं. त्यात कोणाला नवल वाटलं नाही. मग तांदळाचा डबा. मग मिठाची बरणी. मीठ सांडणारं मांजर चैतालीने ऐकलं नव्हतं, पण सासूच्या मांजराची उलटतपासणी घेणं सुनेला शोभत नाही, म्हणून तिने मीठ भरलं आणि खिडकीला जाळी बसवून घेतली. त्यानंतरही मांजर येतच राहिलं.

"काळं आहे की पिवळं?" शेजारच्या सगुणाबाईंनी विचारलं होतं.

"नीट दिसलं नाय," लताबाई म्हणाल्या, "लय चपळ हाय."

सगुणाबाईंना एवढं पुरलं. त्यांनी आठवडाभरात त्या मांजराची शेपटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या छायाने त्याचा रंग ठरवला. ते मुळात कुठल्या घरचं, कोणी हाकलून दिलं, त्याला पिल्लं किती, हे सगळं कॉलनीने मिळून मिसळून पक्कं केलं. सगुणाबाई दारात वाटीभर दूध ठेवू लागल्या आणि संध्याकाळी वाटी रिकामी सापडू लागली. गल्लीत मोकाट कुत्री भरपूर होती, पण पुरावा तो पुरावा.

तर अशा घरात, आषाढाच्या तोंडावर, सरकारी दवाखान्याची आशाताई भाग्यश्री आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चैताली, मंगळवारी शुगरवाल्यांचे डोळे तपासायचेत. गल्लीमागच्या दवाखान्यात मशीन येणारे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतात, तो नेटवरून वर जातो, तिकडे मोठा डॉक्टर बघतो, आणि रिपोर्ट तुझ्या मोबाईलवर. डॉक्टर येत नाही, आपणही जात नाही. फक्त फोटो जातो."

"मला सगळं दिसतं," लताबाई आतून म्हणाल्या.

"मावशी, शुगर डोळ्यात उतरते ती कळत नाही."

"उतरल तेव्हा बघू."

लताबाईंना साखरेचा आजार संघर्षच्या लग्नाआधीपासूनचा. गोळ्या त्या नेमाने घेत, म्हणजे आठवण झाली की नेमाने घेत. चैतालीने मात्र मंगळवार मनात पक्का केला. कारण एक तर काम छोटं होतं. मैत्रीला शाळेत सोडायचं, जाताजाता फोटो काढून यायचं. आणि दुसरं म्हणजे चैताली ही कॉलनीतली शिकलेली सून. कोणाचं आधार जोडायचं, कोणाचा ओटीपी सांगायचा, कोणाच्या मुलीचा ऑनलाइन अर्ज भरायचा, सगळे तिच्याच दारात. घरच्याच माणसाचे डोळे ऑनलाइन तपासून झाले नाहीत तर त्या शिक्षणाची अब्रू ती काय राहिली?

मंगळवारी सकाळी ती मैत्रीची वेणी घालून बाहेर आली आणि थबकली. लताबाई तयार होऊन बसल्या होत्या. पांढऱ्या काठाची निळी साडी, जी फक्त चौदा एप्रिलला निघते. अंगावर पावडर. आणि डोळ्यांत काजळ. साधंसुधं नाही, वरच्या पापणीलाही, खालच्याही, कोपऱ्यात शेपूट काढून.

"आई, हे काय?"

"फोटो हाय ना?"

"फोटो डोळ्याच्या आतला काढतात, आई."

"आतला काढला तरी बाहेरनंच काढत्याल ना?"

चैतालीने चपला घातल्या. ते काजळ पुसा म्हणण्याची हिंमत कॉलनीत कोणाचीच नव्हती. लताबाईंचं काजळ ही तिथली एक संस्था होती. एरंडेल तेलाची पणती, वर पालथी घातलेली तांब्याची ताटली, तिच्यावर धरलेली काजळी आणि घरचं तूप. नांदगावहून माहेरची ही एकच विद्या त्या घेऊन आल्या होत्या. कॉलनीत जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांत ते काजळ गेलं होतं. डॉक्टर घालू नका म्हणत, बाळंतिणी हो म्हणत, आणि पाचव्या दिवशी डबी न्यायला येत.

दवाखान्यात मशीनपाशी सुनील नावाचा तंत्रज्ञ बसला होता. त्याच्यापुढे अख्ख्या वॉर्डाच्या मधुमेहाची रांग होती. त्याने लताबाईंना बसवलं. हनुवटी इथे, कपाळ तिथे, डोळे मोठे.

"मावशी, समोर हिरवा दिवा दिसतोय का?"

"दिसतोय की."

"थांबा, अजून लावला नाही," सुनील म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

रांगेतल्या बायका हसल्या. चैतालीही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचं ते हसणं आठवत राहिलं, पण तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

फोटो निघाले. वर मात्र जाईनात. नेट गोल गोल फिरत राहिलं. सुनीलने मोबाईल खिडकीबाहेर धरला, मग स्टुलावर उभा राहिला, मग शिपाई सहादूला वायर धरून गच्चीवर पाठवलं. इकडे भाग्यश्री प्रत्येकीचा मोबाईल नंबर लिहून घेत होती. सगुणाबाईंचा फोन मुलाकडे असतो, छायाच्या सासूचा पाण्यात पडला होता, तिसरीला नंबर पाठ नव्हता. सगळ्यांनी एकमुखाने चैतालीचा नंबर सांगितला.

रिपोर्ट आले ते असे, सगळे तिच्याच फोनवर. दोन दिवस तिचं दार म्हणजे निकालाच्या दिवशीची शाळा झालं. सगुणाबाई पास. छायाची सासू पास. सगुणाबाई तर गल्लीभर सांगत सुटल्या, "माझा पडदा एकदम स्वच्छ! डॉक्टर म्हणे असा पडदा बघितला नाही." डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता. पास होणाऱ्याला एवढं चालतं.

लताबाईंचा रिपोर्ट शेवटी आला. दोन्ही डोळे: प्रतिमा अस्पष्ट.

लताबाई नापासही नव्हत्या. त्यांचा पेपरच वाचता येत नव्हता.

चैतालीने सुनीलला फोन लावला. तो दुसऱ्याच दवाखान्यात, दुसऱ्याच रांगेपुढे होता. "काजळवाल्या मावशी ना? मग तेच. काजळाने फोटो खराब येतो. पुढच्या महिन्यात मशीन येईल तेव्हा डोळे धुऊन आणा."

झालं. निकाल लागला, आरोपी सापडला. संध्याकाळपर्यंत कॉलनीत एकच विषय. सगुणाबाई दारात उभ्या राहून हळहळल्या, "मी कधीची सांगतेय, काजळ चांगलं नसतं." त्यांच्या तिन्ही पोरांच्या डोळ्यांत लताबाईंचं काजळ गेलं होतं, पण ते आता कोण आठवतंय? एकीने गुलाबपाणी सुचवलं, दुसरीने मध. त्र्यंबकेश्वरला सगुणाबाईंच्या बहिणीच्या ओळखीचा एक माणूस डोळ्यांत कसला तरी पाला पिळायचा, तो आता वारला होता, पण त्याचा मुलगा होता. सगळ्यांचं ऐकून घेऊन चैतालीने रोज गाजर किसायला घेतलं.

लताबाईंनी मात्र काजळाची डबी उचलून माळ्यावर टाकली. म्हणजे मैत्रीला टाकायला लावली. पुढच्या आठवड्यात छायाच्या जावेला मुलगा झाला आणि ती डबी मागायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या काजळानं डोळे खराब होत्यात म्हनं. दुकानातून आन बाई."

बाई गेली. लताबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. चैतालीने जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "हातगुन गेला का गं माझा?"

"तसं काही नाही, आई. फोटोपुरतं आहे."

आणि खरंच तिला तसंच वाटत होतं. कारण याच दिवसांत वर्षावास सुरू झाला होता. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत कॉलनीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे आणि वाचायला लताबाई. मोठेपणी, साक्षरतेच्या वर्गात बसून, पाटीवर अक्षरं गिरवत शिकलेली बाई. त्या शिकल्या त्या वर्षीपासून ग्रंथ त्यांच्याच मांडीवर. विहाराची व्यवस्था बघणारे भिकनकाका दुसऱ्या कोणाला वाचायला देतच नसत. "बाकीचे वाचतात," ते म्हणत, "लताबाई सांगतात." संध्याकाळी पांढरी साडी नेसून, मैत्रीचं बोट धरून लताबाई निघत. मैत्री आजीला चिकटून बसे. चैताली स्वयंपाक आटपून पोचेपर्यंत वाचन रंगात आलेलं असे. एक अक्षर अडत नसे. अशा बाईचे डोळे बिघडलेत म्हटलं तर कोणाला खरं वाटेल? चैतालीला वाटलं नाही. कॉलनीलाही वाटलं नाही. त्यामुळे काजळाचा गुन्हा आणखी पक्का झाला.

श्रावणात मशीन परत आलं. या वेळी लताबाईंचे डोळे इतके धुतले होते की ते लाल झाले होते. सुनीलने थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, हनुवटी, कपाळ, हिरवा दिवा. तो स्क्रीनकडे बघून चुकचुकला.

"अजून धुरकटच. जुनं काजळ मुरलंय."

"एवढं मुरतं?" चैतालीने विचारलं.

"वर्षानुवर्षं घालत असतील." मग त्यालाही आपलं निदान थोडं हलकं वाटलं असावं. "थांबा, आज व्हिडिओवर डॉक्टर आहेत. विचारूनच टाकू."

स्क्रीनवर डॉक्टर आले. म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचा एक माणूस आला आणि त्याचा आवाज ठोकळ्यांच्या मागून मागून चालत आला. लताबाईंनी हात जोडले. "जय भीम, सायेब. जेवन झालं का?"

"आजी, नीट दिसतं का तुम्हाला?"

"दिसतं की. तुम्ही चष्मा लावलाय."

डॉक्टरांनी चष्मा लावला होता की नाही हे चैतालीलाही शपथेवर सांगता आलं नसतं, कारण नाकाच्या जागी तीन ठोकळे होते. पण डॉक्टर खाली वाकून काहीतरी बघू लागले. मग मान वर करून त्यांनी चैतालीकडेच बघितलं, निदान ठोकळे तिच्या बाजूला वळले, आणि ते म्हणाले, "ताई, हे फोटो मी दोन्ही वेळचे बघितले. आजींना लवकरात लवकर..."

आणि ते थांबले. तोंड उघडं, एक हात हवेत. नेट गेलं होतं.

लताबाई आदबीने हात जोडून त्या उघड्या तोंडाच्या डॉक्टरांपुढे बसून राहिल्या. मोठा माणूस बोलताना मध्येच उठायचं नसतं. सुनीलने वायर काढून घातली. सहादू गच्चीवर धावला. स्क्रीन काळा झाला, परत उजळला, पण डॉक्टर गेले ते गेलेच. बाहेर रांग ओरडत होती.

"काय म्हणत होते?" चैतालीने विचारलं.

"लवकरात लवकर परत फोटो काढा म्हणत असतील," सुनील म्हणाला. "पुढच्या फेरीत बघू."

लवकरात लवकर काय? कॉलनीने ते अर्धं वाक्य हौसेने पूर्ण करायला घेतलं. सगुणाबाई म्हणाल्या, लवकरात लवकर झोपवत जा. छाया म्हणाली, शुगरची गोळी बदला. लताबाई म्हणाल्या, "लवकरात लवकर बरं वाटल म्हनत असंल बिचारा. चेहरा चांगला होता." संघर्ष डबा भरता भरता म्हणाला, "चैताली, एकदा मोठ्या हॉस्पिटलात नेऊन दाखव ना सरळ. मी सुट्टी टाकतो." मग सुट्टी मिळाली नाही. पण चैताली गेली. एकटीच, सासूला घेऊन, बसने.

मोठ्या हॉस्पिटलात खिडकीमागे एक गृहस्थ बसले होते. बोलताना ते मान वर करत नसत.

"कशासाठी?"

"डोळ्याच्या पडद्याचा फोटो नीट येत नाहीये. म्हणून डॉक्टरांना दाखवायचंय."

"फोटो आणलाय?"

"हा बघा मोबाईलवर. पण अस्पष्ट आहे."

"अस्पष्ट कसा चालेल? स्पष्ट आणा."

"स्पष्ट येत नाही म्हणूनच तर आलोय ना, दादा."

"रेफर नंबर सांगा."

"तो कुठे असतो?"

"रिपोर्टवर."

"रिपोर्टवर नाहीये."

"मग तो रिपोर्ट नाही," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "कॅम्पवाल्यांचा फोटो वाचला गेला की नंबर पडतो. नंबर पडला की आम्ही घेतो."

"आणि वाचलाच गेला नाही तर?"

या प्रश्नाला त्या खिडकीत जागा नव्हती. त्यांनी बोटाने लांबचा एक दरवाजा दाखवला. तिथे साधा केसपेपर निघतो, पण सकाळी. आज बंद झालं.

चैतालीने सासूकडे बघितलं. लताबाई बाकावर पदर सावरून बसल्या होत्या. "चल पोरी," त्या म्हणाल्या, "वाचनाची येळ व्हईल. फोटो तर फोटो, पुढच्या फेरीत काढू." आणि खरं सांगायचं तर चैतालीला हायसं वाटलं. मैत्रीची शाळा सुटायची होती. तिने विचारलं होतं, खिडकीने नाही म्हटलं होतं, आपल्याकडून झालं होतं. माणसाला हायसं वाटायला एवढं बस होतं. येताना तिने सासूला रस्ता ओलांडताना हात दिला. लताबाईंनी तो घट्ट धरला. इतका घट्ट त्या कधी धरत नसत. गर्दी आहे, असं तिला वाटलं.

भाद्रपद गेला. पुढची फेरी लांबली, मशीन कुठेतरी दुरुस्तीला गेलं होतं. मांजराने दोन कप, एक बशी आणि तेलाचा बुधला पाडला. गाजरं महाग झाली तशी चैतालीने किसणं थांबवलं.

आणि मग एका संध्याकाळी विहारात लाईट गेली.

वाचन ऐन भरात होतं. चैताली दारापाशी मागे बसली होती. एकदम अंधार झाला, पंख्यांची घरघर थांबली, कोणाचं तरी पोर किंचाळलं. भिकनकाका मेणबत्ती शोधायला चाचपडत उठले. बायका आपसांत कुजबुजू लागल्या.

वाचन मात्र चालूच होतं.

त्याच सुरात, त्याच लयीत, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत लताबाई वाचत होत्या. एक वाक्य. दुसरं. तिसरं. कोणीतरी फसकन हसलं. मग हसणारीच गप्प झाली. हळूहळू अख्खं विहार गप्प झालं आणि त्या मिट्ट काळोखात एकच आवाज स्पष्ट, न अडता पुढे जात राहिला.

"लताबाई," भिकनकाका म्हणाले, अगदी हळू, "लाईट गेलीय."

आवाज थांबला.

कोणीतरी मोबाईलचा उजेड लावला. लताबाईंच्या मांडीवर ग्रंथ उघडा होता. त्या दोन पानं पुढचं बोलत होत्या, पण पान उलटलेलं नव्हतं. त्यांच्या गुडघ्याला चिकटून मैत्री बसली होती. तिचं बोट आजीच्या मनगटावर होतं आणि चेहरा पार कसानुसा झाला होता.

"मम्मी," ती रडवेली होऊन म्हणाली, "मला अंधारात पान कधी संपलं ते दिसलंच नाही गं."

घरी आल्यावर चैतालीने मैत्रीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, आणि मग मांजराचा सगळा जन्म बाहेर आला. आजी पेला ठेवते तिथे ओटा नसतो. आजीला बसची पाटी मैत्री वाचून दाखवते. पान संपलं की मनगट दाबायचं, हे आजीने शिकवलं होतं. आणि कुणाला सांगायचं नाही, मम्मीला आधीच लय कामं आहेत.

"कधीपासून, आई?" चैतालीने विचारलं.

"आधी कोळ्याचं जाळं दिसायचं," लताबाई म्हणाल्या. "मंग डोळ्यापुढं शाई सांडल्यागत झालं. म्हनलं उतरल. सगळ्यांनी काजळ म्हनलं, मलाबी तेच वाटलं. म्हनलं माझंच पाप, तर कुनाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी संघर्षने पाळी बुडवली. सकाळच्या पहिल्या रांगेत, साध्या केसपेपरवर, ते आत गेले. या वेळी डॉक्टर समोर होत्या, पूर्ण, ठोकळे नसलेल्या. थोराड बाई, शांत. त्यांनी लताबाईंच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, मग चैतालीच्या मोबाईलवरचे ते दोन धुरकट फोटो बघितले.

"साखरेने पडद्यावरच्या शिरा फुटल्यात," त्या म्हणाल्या. "आत रक्त साठलंय. फोटो धूसर आला तो त्यामुळे."

"काजळामुळे नाही?" चैतालीने विचारलं.

"काजळ बाहेर असतं, हे आत आहे. फोटो न येणं, हाच रिपोर्ट होता."

चैताली थांबली. पुढचं वाक्य काय येणार हे तिला माहीत होतं, आणि ते एकदाचं यावं म्हणून ती वाट बघत राहिली. लवकर का नाही आणलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या तर तिला खिडकी सांगता आली असती, नेट सांगता आलं असतं, सुनील, मशीन, मैत्रीची शाळा. पण त्या खाली मान घालून लिहू लागल्या. उजव्या डोळ्यात फारसं उरलेलं नाही. डाव्याला लेझर, इंजेक्शनं, साखर आटोक्यात. उरलंय तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. वाचायला येईल का, ते आज सांगता येणार नाही.

लताबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढे वाकून विचारलं, "म्हंजे बाई, काजळाचं काही नव्हतं ना?"

"नाही, आजी."

लताबाई इतक्या मोठ्याने सुटकेचा श्वास सोडत उठल्या की शेजारच्या टेबलावरच्या नर्सने वळून बघितलं. रिक्षातून उतरल्या त्या थेट सगुणाबाईंच्या दारात. "डॉक्टरीन म्हनली, काजळाचा काय संबंध नाय! आतून हाय, आतून!" एका डोळ्याचं दिसणं गेलेली बाई असं सांगत होती, जणू पोराचा पहिला नंबर आलाय. सगुणाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या म्हणाल्या, "मी कधीची म्हणतेय, तुमच्या काजळाला तोड नाही," आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या दारात दुधाची वाटी नव्हती.

माळ्यावरची डबी खाली आली. छायाच्या जावेच्या पोराला उशिरा का होईना काजळ लागलं. ते लताबाईंनी बोटाने, चाचपून लावलं. थोडं गालावर गेलं, पण तीट म्हणून खपून गेलं.

अश्विन पौर्णिमेला ग्रंथाची सांगता होती. भिकनकाकांनी ग्रंथ चैतालीच्या मांडीवर ठेवला. शिकलेली सून ती, पण मोठ्याने वाचायची सवय नव्हती. ती अडखळली, एक ओळ गाळली. शेजारी डाव्या डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसलेल्या लताबाईंनी लगेच गाळलेली ओळ म्हटली. पुढे तेच होत राहिलं. चैताली वाचायची, चुकायची, लताबाई सांगायच्या. शेवटचं पान आलं तेव्हा मैत्रीने सवयीने हात पुढे केला, मनगट दाबायला, आणि कोणाचं दाबायचं ते न कळून तो तसाच मांडीवर ठेवला.

खीर वाटली गेली. लताबाईंनी आपली वाटी न चाखता नातीपुढे सरकवली. सगळे घरी आले. संघर्ष पाळीवर गेला. लताबाई कोणाचा हात न धरता, भिंतीला बोटं लावत, पाणी प्यायला आत गेल्या. चैतालीने उठायचं ठरवलं आणि उठली नाही. उठलेलं त्यांना आवडलं नसतं.

माठाचं झाकण सरकलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ठण्ण, मग गडगड, मग तो पेला सिलिंडरपाशी स्वतःभोवती फिरत राहिला, फिरत राहिला आणि थांबला.

चैतालीने आणि मैत्रीने एकदमच दाराकडे बघितलं. दोघी त्या एका शब्दाची वाट बघत होत्या. आतून काहीच आलं नाही. नुसता पदराने फरशी पुसल्याचा आवाज.

मैत्री आईच्या कुशीत सरकली आणि आजीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "मम्मी, आता पेला पडला की कुणाचं नाव सांगायचं?"